‘म्हाताऱ्यांनी चळवळ बुडवली’ म्हणणाऱ्या तरुण मित्रांना

जयंतीची बैठक असो की मोर्चाची तयारी, दोन वाक्यं हमखास कानावर येतात. तरुण म्हणतात, "म्हाताऱ्यांनी चळवळ बुडवली." म्हातारे म्हणतात, "आजच्या पोरांना डीजेपलीकडं काही कळत नाही." पहिलं वाक्य मी स्वतः अनेक वर्षं बोललो आहे. चाळिशी ओलांडल्यावर दुसरं वाक्य तोंडावर यायला लागलं, तेव्हा जरा घाबरलो आणि आपला इतिहास या प्रश्नासाठी पुन्हा उघडला.

पहिला धक्का अगदी सुरुवातीलाच बसतो. आपल्या चळवळीचा पाया घालणाऱ्यांत एक पेन्शनर आहे. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले, दापोलीत राहिले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. पुढं महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा सरकारकडं करायच्या अर्जासाठीही तेच पुढं होते. पेन्शन सुरू झाल्यावर त्यांचं खरं काम सुरू झालं. त्याच कोकणात १९२७ साली महाडची परिषद झाली, तिच्यासाठी राबणारे रामचंद्र बाबाजी मोरे चोवीस वर्षांचे होते आणि बाबासाहेब पस्तिशीत. म्हणजे वयाचा दाखला द्यायचा तर तो दोन्ही बाजूंनी देता येतो.

बाबासाहेब स्वतः साठीच्या पुढं गेले तेव्हा काय झालं? शरीर मधुमेहानं आणि पायांच्या दुखण्यानं पोखरलेलं, लिहायचं बरंच बाकी. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत त्यांनी उघड नाराजी बोलून दाखवली. ती कोणावर होती, हे नीट बघा. समाजाच्या जिवावर शिकून स्वतःचं पोट भरण्यात गुंतलेल्या सुशिक्षितांवर होती. ‘तरुण बिघडले’ अशी तक्रार नव्हती, ‘म्हातारे आडवे येतात’ अशीही नव्हती. आणि त्याच वर्षी, पासष्टाव्या वर्षी, त्यांनी नागपुरात आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय अमलात आणला.

ते गेल्यावर दहा महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षांत तो फुटला. ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ ही गटांची नावं आज आपल्याला विनोदी वाटतात, पण त्या फुटीत आजच्या भांडणाचं बीज आहे. एका बाजूला दादासाहेब गायकवाड, धोतर नेसणारे, खेड्यातल्या भाषेत बोलणारे. दुसऱ्या बाजूला बी. सी. कांबळे आणि त्यांच्याभोवतीची शिकलेली, कायदा जाणणारी मंडळी. चळवळ घटनेच्या चौकटीत चालली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं काही हलकं नव्हतं. पण वादाला रंग आला तो ‘जुना, कमी शिकलेला पुढारी’ विरुद्ध ‘नवा, शिकलेला पुढारी’ असा. जमिनीचा प्रश्न हातात घेतला म्हणून दादासाहेबांना कम्युनिस्ट ठरवलं गेलं. पोटाचा प्रश्न म्हणजे कम्युनिझम, हा आरोप आपल्याच घरातून झाला, हे विसरू नका.

आणि या ‘जुन्या’ माणसानं काय केलं? १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात उभे होते तेव्हा दादासाहेब सत्तावीस वर्षांचे होते. ६ डिसेंबर १९६४ ला देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा बासष्ट. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. लाखो माणसं तुरुंगात गेली. तरुणपणी देवळासाठी लढलेला माणूस म्हातारपणी जमिनीसाठी लढला. वयानं तो थंड पडला नाही, त्याचा प्रश्न अधिक मुळाशी गेला.

पण मी त्यांची पोथी वाचायला बसलेलो नाही. याच दादासाहेबांनी १९६७ च्या सुमारास काँग्रेसशी हातमिळवणी केली आणि त्या वाटेनं पुढं पक्षाचं काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. २९ डिसेंबर १९७१ ला ते गेले. पुढच्याच वर्षी पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ तेविशीच्या आसपास, राजा ढाले बत्तिशीच्या. गावोगाव अत्याचार होत असताना पुढारी खुर्च्या सांभाळत होते, म्हणून त्या पोरांचा राग शंभर टक्के खरा होता. तरीही १९७४ मध्ये तीच पँथर फुटली. म्हातारे तिथं नव्हतेच. वाद कशावर? मार्क्स की बुद्ध, भाकरी की धम्म. १९५९ चाच प्रश्न, नव्या दमाच्या आवाजात. म्हणजे प्रश्न न सोडवता आपण फक्त तो मांडणाऱ्यांचं वय बदललं होतं.

मग या भांडणात आपलं काय जातं? माणसं जातात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी बाबासाहेबांच्या काळात लढलेल्या बाया शोधून, त्यांच्यापुढं बसून ‘आम्हीही इतिहास घडवला’ केलं. ते १९८९ साल होतं. आता ६४ च्या सत्याग्रहातले जे उरलेत ते ऐंशीच्या पुढं आहेत. आपण त्यांना १४ एप्रिलला मंचावर बसवतो, हार घालतो, आणि माईक मागितला तर "आजोबा, वेळ कमी आहे" म्हणतो.

गेल्या वर्षी एका वस्तीत अशी एक आजी भेटली. साल तिला सांगता येईना. "हुरड्याचे दिस होते" एवढं पक्कं आठवत होतं. पंधरा दिवस तुरुंगात होती म्हणाली. मी विचारलं, "आजी, लेकरू लहान असेल ना तेव्हा?"

"व्हतं की, अंगावर पीत व्हतं. पर सासू म्हनली, तू जा, पोराला मी बघते. माझ्यानं आता चालवत न्हाई."

सासूचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.