बोट लागू नये म्हणून

समुद्राने माणसाला दिलेल्या दुःखांत बुडण्याचे दुःख सर्वांत मोठे, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्याला एकदा भर वाऱ्यात ‘बोट लागली’ आहे त्याला त्या घटकेपुरते तरी बुडणे परवडले असे वाटून जाते. नजर लागावी किंवा दृष्ट लागावी, तशी आमच्याकडे बोट लागते. कोकणच्या किनाऱ्याने आगबोटी चालत होत्या त्या काळी मुंबईहून गावी निघालेल्या चाकरमान्याच्या बोचक्यात आवळासुपारीची पुडी आणि दोन लिंबे असायचीच. आमची आजी तर बोटीत पाऊल टाकले की पदर तोंडावर घेऊन जी आडवी होई, ती बंदर आल्यावरच उठे. मधल्या समुद्राचे तिने उभ्या जन्मात दर्शन घेतले नाही.

हे दुखणे गरीब-श्रीमंत भेद जाणत नाही. म्हणूनच त्याच्यावर इलाज शोधण्यासाठी गेल्या दीडशे वर्षांत मोठमोठ्या बुद्धिमंतांनी आपले डोके आणि धनवंतांनी आपला पैसा खर्च केला. ती हकीकत मोठी मौजेची आहे.

आधी बोट डोलते का, ते पाहू. लाट येऊन बोटीच्या कुशीवर थाप मारते आणि त्या धक्क्याने बोट कलते, अशी जुन्या जाणत्यांचीही समजूत होती. विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज इंजिनियराने ती खोटी ठरविली. हे गृहस्थ मूळचे रेल्वेतले. ब्रुनेलने ‘ग्रेट ईस्टर्न’ ही त्या काळची सर्वांत अजस्र आगबोट बांधावयास घेतली, तेव्हा एवढे धूड समुद्रात कसे डोलेल याचा विचार त्याने फ्राउडकडे सोपविला. १८६१ साली फ्राउडने आपला सिद्धांत मांडला. लाटेवर पाण्याचा पृष्ठभागच तिरपा होतो आणि बोट त्या तिरप्या पृष्ठभागावर ताठ उभी राहू पाहते. शिवाय प्रत्येक बोटीला डोलण्याचा स्वतःचा असा एक ताल असतो. लाटा त्याच तालात येऊ लागल्या की डोल वाढत जातो. ओटीवरच्या झोपाळ्याचे उदाहरण मी वर्गात देतो ते याचसाठी. चार वर्षांचे पोरही नेमक्या वेळी पायाचा रेटा देत गेले तर झोपाळा आढ्याकडे नेऊ शकते, आणि वेळ चुकली तर पहिलवानाचा रेटाही वाया जातो. लहानशा लाटांनी मोठी बोट कशी लोळते, याचे उत्तर त्या झोपाळ्यात आहे.

आता येथे एक अशी गोष्ट येते की जी सुखवस्तू प्रवाशाला सहसा पटत नाही. बोटीचे ओझे तळाशी असेल, म्हणजे आमच्या खलाशांच्या भाषेत नीरम भरपूर भरलेले असेल, तर ती बोट कणखर होते. कलली की हिसक्याने परत येते. या हिसक्यांनी पोटातले सारे ढवळते. उलट ओझे वर गेले, तर बोट संथपणे कलते आणि संथपणे सावरते. प्रवासी म्हणतो, “वा, काय सुखाची बोट आहे!” पण तिची सावरण्याची ताकद कमी झालेली असते, म्हणून ती संथ असते. सुखाचा डोल आणि सुरक्षित बोट या दोन निराळ्या गोष्टी आहेत; किंबहुना कित्येकदा त्या एकमेकींच्या वैरिणी असतात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटांचे पाणी आत आले आणि घाबरलेले प्रवासी एका कुशीला लोटले, असे त्यातून वाचलेल्यांनी सांगितले. अशा वेळी डोल थोपविणारे कोणतेही यंत्र कामाचे नाही. माणसांचे ओझे एका बाजूला गेले म्हणजे हिशेब संपला. पुढे ज्या यंत्रांचे वर्णन येईल ती सारी बोट लागू नये म्हणून आहेत, बोट बुडू नये म्हणून नव्हेत. एवढे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

फ्राउडचा इलाज साधा होता. बोटीच्या तळाला जेथे बाक येतो तेथे दोन्ही कुशींना लांबलचक फळीसारख्या पट्ट्या बसवावयाच्या. डोलताना त्या पाणी ढवळतात आणि डोलाचा जोर तेथेच खर्ची पडतो. १८७२ च्या सुमारास दोन युद्धनौका, ‘ग्रेहाउंड’ आणि ‘पर्सियस’, एकीला पट्ट्या लावून आणि दुसरीला न लावता शेजारी शेजारी डोलविण्यात आल्या. पट्टीवालीचा डोल जवळजवळ निम्म्यावर आला. हा इलाज आजही बहुतेक बोटींना आहे, कारण त्याला ना इंजिन लागते ना तेल. आमच्या मालवणच्या कोळ्यांनी तर याहून साधा उपाय पिढ्यान् पिढ्या वापरला आहे. अरुंद होडीच्या एका बाजूस आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकाशी लाकडाचा ओंडका तरंगत ठेवावयाचा, ती उलांडी. मात्र उलांडीने डोलही आवरतो आणि होडी उलटण्याचे भयही कमी होते. असे दोन्ही साधणारे उपाय या कथेत फार थोडे आहेत.

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला त्या माणसाकडे येतो. सर हेन्री बेसेमर. पोलाद स्वस्त करण्याची रीत ज्याने १८५६ साली जगाला दिली तोच हा. पैसा अमाप, कीर्ती अमाप, आणि समुद्र सोसण्याची शक्ती आमच्या आजीइतकीच! १८६८ साली कॅले ते डोव्हर एवढ्या वीस-बावीस मैलांच्या प्रवासात त्याची अशी काही अवस्था झाली की घरी आल्यावरही तो अंथरुणाला खिळून होता. सामान्य माणूस अशा वेळी पुन्हा बोटीत बसणार नाही अशी शपथ घेतो. बेसेमरने निराळी शपथ घेतली. बोट खुशाल डोलू दे, पण प्रवासी ज्या दालनात बसतात ते दालन डोलता कामा नये! त्याने आपल्या घराच्या बागेत नमुना उभारला. वाफेच्या यंत्राने तो डोलवावयाचा आणि आतले दालन स्थिर ठेवावयाचे. पाहणारे खूश झाले. कंपनी निघाली, भांडवल जमले, एडवर्ड रीडसारख्या नामांकित नौकाशिल्पीने आराखडा केला आणि हल येथे साडेतीनशे फूट लांबीची चार वल्हेचाकांची आगबोट तयार झाली. तिच्या पोटात सत्तर फूट लांब आणि तीस फूट रुंद असा, कोरीव लाकूडकामाचा आणि सोनेरी नक्षीचा दिवाणखाना मध्यभागी आसांवर तोललेला होता. एक मनुष्य पाणसळीच्या बुडबुड्याकडे डोळे लावून बसे आणि हाताने पाण्याच्या दाबाचे यंत्र चालवून दिवाणखाना समपातळीत ठेवी.

येथेच खरी ग्यानबाची मेख होती. बुडबुडा हलला, माणसाने तो पाहिला, हात हलला, यंत्र चालले, तोवर लाट निघून दुसरी आलेली! बागेतल्या नमुन्यात डोल एकसारखा होता. समुद्र काही बेसेमरच्या बागेत नोकरीस नव्हता.

पण या परीक्षेची वेळच आली नाही. १८७५ च्या एप्रिलात बोट खासगी फेरीस कॅलेला गेली आणि धक्क्यावर आदळून तिचे एक चाक मोडले. ८ मे रोजी प्रतिष्ठित पाहुण्यांना घेऊन ती पुन्हा निघाली. त्या दिवशी दिवाणखाना पक्का बांधूनच ठेवला होता. हवा छान होती. बंदराच्या तोंडाशी वेग मंद केला, आणि मंद वेगात सुकाणू ऐकेना. बोट पुन्हा त्याच धक्क्यावर गेली आणि त्याचा बराच भाग घेऊन आडवी झाली. भागधारकांचा धीर सुटला. १८७६ साली कंपनी मोडली, १८७९ साली बोट भंगारात निघाली. डोलावर मात करावयास निघालेल्या बोटीचा घात डोलाने केला नाही. बंदरात वळता न आल्याने झाला!

सुकाणूला बळ वाहत्या पाण्याचे असते. बोट मंदावली की सुकाणू म्हणजे नुसती फळी. मोठ्या बोटींना म्हणून बंदरात टग-बोटींचा हात धरावा लागे. १९३८ साली न्यूयॉर्कला टगवाल्यांचा संप झाला, तेव्हा कॅप्टन अर्व्हिंग यांनी ‘क्वीन मेरी’सारखी हजार फुटांची बोट कोणाच्या मदतीवाचून धक्क्याला लावली, तर त्याची केवढी वाहवा झाली! पुढे याला उपाय निघाला तो बाउ थ्रस्टर. नाळेजवळ, पाण्याखाली, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत आरपार नळी काढावयाची आणि तिच्यात पंखा बसवावयाचा. पंखा पाणी एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूस फेकतो आणि बोटीचे तोंड आडवे सरकते. १९६९ साली प्रवासास निघालेल्या ‘क्यू ई टू’ला असे दोन होते. याचीही मर्यादा गमतीची: बोट चार-पाच नॉटच्या पुढे पळू लागली की त्याचा जोर ओसरतो. सुकाणू जेथे थकते तेथेच हा कामाला येतो, आणि सुकाणू जागे झाले की हा निजतो. बेसेमरला त्या दिवशी दिवाणखान्यापेक्षा याची गरज होती.

डोलाकडे परत येऊ. बुडबुड्याकडे पाहणारा मनुष्य काढून टाकावयाचा तर यंत्रालाच डोल कळला पाहिजे. ऑटो श्लिक या जर्मन इंजिनियराला हे भोवऱ्यात सापडले. फिरणाऱ्या भोवऱ्याला बोटाने ढकलून पाहा. तो ढकलल्या दिशेला न पडता आडव्याच दिशेला कलतो. जड चाक वेगाने फिरवत चौकटीत टांगले, तर बोट कलू लागताच चाक पुढेमागे झुकते आणि त्या झुकण्यात बोटीच्या कलण्याला विरोध उत्पन्न होतो. १९०६ साली त्याने ‘झेबेअर’ नावाच्या जुन्या टॉर्पेडो बोटीवर सुमारे अर्ध्या टनाचे चाक बसविले आणि पंधरा अंशांचा डोल एक-दीड अंशावर आणला. अमेरिकेच्या एल्मर स्पेरीने पुढची पायरी गाठली. डोलाची पहिली चाहूल घेणारा एक चिमुकला भोवरा निराळा ठेवून, त्याच्या इशाऱ्यावर मोठा भोवरा मोटारीने झुकविण्याची त्याची युक्ती होती. बेसेमरच्या बुडबुड्याला अखेर असा वारस मिळाला.

मग इटलीने कमाल केली. १९३२ साली जेनोव्हाहून न्यूयॉर्कला निघालेल्या ‘कोंते दि साव्होया’ या बोटीत तेरा फूट व्यासाचे आणि प्रत्येकी शंभर टनांहून जड असे तीन भोवरे बसविले होते. न डोलणारी बोट म्हणून जाहिराती झळकल्या. पण डोल फार लांबला की बोट एका कुशीला झुकून तशीच रेंगाळे, चटकन सावरेना! म्हणून ही यंत्रे पश्चिमेकडे जातानाच वापरीत, परतीच्या वाटेवर नाही. अर्ध्या प्रवासापुरते सुख आणि त्यासाठी तीनशे टनांची हमाली! दुसऱ्या कोणत्या मोठ्या प्रवासी बोटीने हा नाद केला नाही यात नवल नाही.

खरा तोडगा निघाला तो पूर्वेकडून. १९२३ साली नागासाकीच्या मित्सुबिशी कारखान्यातील मोतोरा यांनी बोटीच्या दोन्ही कुशींना, पाण्याखाली, विमानाच्या पंखांसारखे छोटे पंख बसविले. बोट उजवीकडे कलू लागली की उजवा पंख पाण्याचा रेटा वर घेतो, डावा खाली. स्कॉटलंडात डेनी आणि ब्राउन या दोन कारखान्यांनी ही कल्पना पुरती वळणावर आणून १९३६ साली ‘आयल ऑफ सार्क’वर बसविली. १९५० साली पी. अँड ओ. कंपनीची ‘चुसान’ आली, ती पंख लावलेली पहिली मोठी प्रवासी बोट. मुंबईच्या बॅलार्ड पिअरलाही ती चांगली ओळखीची होती. ‘क्वीन मेरी’ तर चहात घातलेले दूध डोलून बाहेर काढील म्हणत; तिलाही १९५८ साली पंख मिळाले. पंखांचे सारे बळ मात्र वेगावर. वेग दुप्पट तर रेटा चौपट. बोट नांगरून उभी राहिली की साधा पंख म्हणजे पुन्हा ती सुकाणूची नुसती फळी.

म्हणून आज हौसेची बोट बाळगणाऱ्यालाही निवड करावी लागते. सतत प्रवास करणाऱ्याने पंख घ्यावेत. ते साधारण मध्यावर, तळाच्या बाकाशी असावेत आणि बोटीच्या रुंदीबाहेर येऊ नयेत, नाही तर धक्क्याला लागताना पहिला बळी त्यांचा. नांगर टाकून मासे धरीत बसणाऱ्याला भोवरा बरा. आताचे भोवरे निर्वात पेटीत फिरतात, त्यामुळे हवेचा अडथळा नाही आणि आकारही आटोपशीर. तो अगदी मध्यावरच हवा असेही नाही. परंतु त्याचा पीळ सोसणारा सांगाडा तळात हवाच. थ्रस्टरची नळी जितकी पुढे तितका तिला तरफेचा फायदा, आणि ती पाण्याखाली पुरेशी खोल हवी, एरवी पंखा पाण्याऐवजी हवाच ओढतो. पाण्याखाली बोटीला आरपार भोक पाडावयाचे म्हणजे सुताराच्या हौसेवर सोडण्याचे काम नव्हे, हे निराळे सांगावयास नकोच.

बेसेमरच्या त्या सोनेरी दिवाणखान्याचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. बोट मोडली तेव्हा एडवर्ड रीडने तो उचलून केंट परगण्यात स्वान्लीजवळच्या आपल्या घरी नेला आणि बिलियर्ड खेळण्याची खोली म्हणून बसविला. त्या वास्तूत नंतर मुलींना बागाईत शिकविणारे कॉलेज निघाले आणि दिवाणखान्यात व्याख्याने होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात एक बॉम्ब नेमका त्याच्यावर पडला. तोवर तो कित्येक वर्षे, बेसेमरच्या मनासारखा, जराही न हलता उभा होता.