शोलेतले घोडे मालेगावात सायकली कसे झाले?



हुफूफमधल्या आपल्या मुलांना यूट्यूबवरचा 'छोटू दादा' बरोब्बर माहीत असतो. पण तो आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा, हे सांगितलं की चकित होतात. आणि आपलं काय? मालेगाव म्हटलं की आपल्याला आधी 2006 आणि 2008 चे बॉम्बस्फोटच आठवतात. म्हणून आज त्याच गावाची दुसरी गोष्ट.

मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. 1857 नंतर उत्तरेतून आलेली विणकर कुटुंबं इथे स्थिरावली. माग शुक्रवारी बंद (आपल्यासारखीच सुट्टी!), आणि त्या दिवशी सिनेमाला ही गर्दी! नासिर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवायचे. पायरसीवरून कारवाई झाली, तेव्हा त्यांनी ठरवलं, आता आपलाच सिनेमा काढू.

2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' आला. खर्च साधारण 50,000 रुपये. घोडे परवडत नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर! क्रेन नव्हती, तर बैलगाडीच्या जोखडावर कॅमेरामन. नट गावातलेच. लोकांनी तो डोक्यावर घेतला, कारण पडद्यावर पहिल्यांदा त्यांची गल्ली आणि त्यांची बोली होती.

मग 'मालेगाव का सुपरमॅन'. मागावर काम करणारा काटकुळा शफीक शेख झाला सुपरमॅन. हा सुपरमॅन लढतो तंबाखू आणि गावातल्या घाणीशी. चित्रीकरणात कॅमेराच पाण्यात पडला, तरी सिनेमा पूर्ण केला. हे सगळं फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपलंय. तो 2012 मध्ये भारतात थिएटरला लागला, पण त्याआधीच, 2011 मध्ये, शफीक कर्करोगाने गेला. 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला, तो याच मंडळींवर.

आता आपल्याकडे बघा. सौदीत 2018 पर्यंत थिएटरच नव्हती. मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा तर कॉजवे ओलांडून बहरीनला जायचं. आज मुलांना मार्व्हल हाताशी आहे. पण त्यातला एकही हीरो त्यांच्या आजीच्या बोलीत बोलत नाही. पोरं मग हळूहळू धरून चालतात की हीरो म्हणजे दुसऱ्यांचा आणि आपली भाषा फक्त घरात जेवायला वाढताना वापरायची. मालेगावच्या लोकांनी नेमकं हेच मानलं नाही. त्यांनी सुपरमॅनची टिंगल केली नाही, त्याला आपल्या गल्लीत राहायला आणलं.

तर या शुक्रवारी माहितीपट मिळाला तर मुलांबरोबर बघा. नाहीतर ही गोष्ट तरी सांगा. मग फोन त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "अल-अहसाच्या खजुरांच्या बागेत मराठी बोलणारा सुपरमॅन काढून दाखव." नासिरभाईंपेक्षा चांगला कॅमेरा त्यांच्या खिशात आहे.

आणि कुणी मालेगावचं विचारलं, तर मुलांनी स्फोटांच्या आधी सायकलवरचे डाकू सांगावेत. तेही आपलंच गाव आहे.