आप्पा बळवंत चौकातले आमचे दुकान



गेल्या महिन्यात डोळे दाखवायला पुण्याला गेलो होतो. डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली होती आणि आमची गाडी सकाळीच पुण्यात पोचवते. मधले तीन-चार तास करायचे काय? मुलगा फोनवर म्हणाला, "दादा, कुठेतरी सावलीत बसून राहा, फिरू नका." पण पुण्यात जाऊन बसून राहणे मला कधी जमलेले नाही. स्टेशनवरून मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलली आणि जमिनीखालून थेट मंडईला जाऊन उतरलो. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला हा भुयारी मार्ग. सरकत्या जिन्याने वर आलो तर समोर मंडईचा तो जुना मनोरा!

एकेकाळी याच अंतराला आमची अख्खी सकाळ जायची. अर्थात तेव्हा आम्ही वाटेतल्या प्रत्येक दुकानाशी थांबत होतो.

भांडगाव ते पुणे अंतर पन्नासएक किलोमीटर. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६२-६३ च्या सुमारास, वर्षातून दोन-तीनदाच पुण्याची फेरी व्हायची. मुख्य फेरी गुळाच्या हंगामात. आमच्या भागात उसाची गुऱ्हाळे पुष्कळ. काहिलीतला रस आटून गुळाच्या ढेपा तयार झाल्या की त्या रात्रीच्या ट्रकने भवानी पेठेत आडत्याकडे जायच्या आणि आबा मला घेऊन सकाळच्या पॅसेंजरने निघायचे. तेव्हा कोळशाचे इंजिन होते. पुण्यात उतरेपर्यंत डोळ्यांत एखादा तरी कण गेलेला असायचा.

आडत्याची पेढी हे मी पाहिलेले पुण्यातले पहिले दुकान. गादी, तक्क्या, लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या. शेठ म्हणायचे, "या पाटील, बसा." (आम्ही पाटील नव्हतो, पण आबा ती चूक कधी दुरुस्त करत नसत!) चहा यायचा आणि मग पट्टी हातात पडायची. गुळाची रक्कम, त्यातून आडत, हमाली, तोलाई वजा, आणि आधी घेतलेली उचल वजा. चहा गोड असला तरी पट्टी पाहून आबांचा चेहरा बहुतेक वेळा कडूच व्हायचा. आता तो घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आहे.

उरलेल्या पैशांत वर्षाची खरेदी. रविवार पेठेत बोहरी आळीत दोर, घमेली, बादली, पहार. मग मंडईत एक चक्कर. ही मंडई १८८६ साली उघडली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. गंमत अशी, की नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुल्यांनी या इमारतीवर मोठा खर्च करायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना नेहमी विचारायचो, "सांगा, जोतीरावांना हे आवडले असते का?"

एवढे होईतो एक वाजायचा, आणि मग पुण्याचे ते जगप्रसिद्ध दृश्य. धडाधड फळ्या लागायच्या. एक ते चार दुकान बंद! पुणेकरांवर यावरून खूप विनोद झाले आहेत, पण खेड्यातून आलेल्या माणसाला तो विनोद वाटत नसे. परतीची गाडी संध्याकाळची. मग आबा आणि मी तुळशीबागेतल्या राममंदिरात जायचो. नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी पेशवाईत उभारलेले हे मंदिर. तिथल्या गार फरशीवर भाकरीचे फडके सोडायचे, जेवायचे आणि आबांनी अंमळ डोळा लावायचा. मी बाहेरच्या दुकानांतली लाकडी खेळणी पाहत बसायचो. घ्यायची नसायचीच.

आता मुख्य दुकानाकडे येतो.

१९६९ साली मी मॅट्रिक झालो आणि मराठी घेऊन बी.ए. करायला पुण्यात आलो. चार वर्षांत माझे पुणे म्हणजे खोली, कॉलेज आणि आप्पा बळवंत चौक. ज्यांच्या नावाचा हा चौक, ते आप्पा बळवंत म्हणजे सरदार मेहेंदळे. त्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत कामी आले. आमच्यासाठी मात्र आप्पा बळवंत म्हणजे पुस्तके. तिथल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर ते दुकान होते. दर्शनी बाजूला वह्या, दौती, टाक, नकाशे. आत अंधारात जुन्या क्रमिक पुस्तकांच्या थप्प्या. अर्ध्या किमतीत पुस्तक घ्यायचे, वर्ष संपल्यावर परत विकायचे. एकेका पुस्तकावर चार-चार विद्यार्थ्यांची नावे असत. कुणी अधोरेखित केलेले, कुणी समासात प्रेमपत्राचा सराव केलेला!

दुकानदार काका बोलायला अगदी तुटक. "काय हवंय?" आणि "नाही" एवढ्यावर त्यांचा दिवस भागायचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा नदीकडच्या बाजूला शनिवार पेठेत त्यांचे गोदाम होते. सगळा माल चिखलात गेला. काकांनी उरलीसुरली पुस्तके गच्चीवर वाळवली आणि पुन्हा दुकान लावले. हेही त्यांनी कधी आपणहून सांगितले नाही. एका पुस्तकाची पाने मातकट आणि फुगलेली का, असे मी विचारले तेव्हा कळले.

१९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीला वेगळा सांगायला नको. आबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. घरून पैसे येणे बंद झाले होते आणि माझे शेवटचे वर्ष. दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी चार पुस्तकांची नावे सांगितली. काकांनी ती काढून समोर ठेवली. मी उचलली नाहीत.

"पैसे नाहीत का?"

"नाहीत."

"गाव कुठलं?"

"भांडगाव. यवतच्या पुढे."

काका क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "परीक्षा झाली की आणून दे. पानं दुमडू नकोस."

वहीत नोंद नाही, ओळख नाही, जामीन नाही. १९७३ मध्ये मी बी.ए. झालो, तो या चार पुस्तकांवर. पाने दुमडली नाहीत.

त्या पुण्यातली आणखी किती दुकाने सांगू? तासावर सायकल देणारी दुकाने चौकाचौकांत होती. पुणे तेव्हा सायकलींचे शहर होते. डेक्कनवर गुडलक आणि लकी ही दोन इराणी हॉटेले. त्यांपैकी गुडलक आहे, लकी गेले. कॅम्पात १९४८ पासूनचे मॅनीज हे इंग्रजी पुस्तकांचे दुकान. माझे इंग्रजी बेताचे, म्हणून मी काचेतूनच पाहायचो. ते २०१२ मध्ये बंद झाले. कर्वे रोडवर अलूरकरांचे म्युझिक हाऊस होते. ते नुसत्या कॅसेट विकत नसत, शास्त्रीय गायकांच्या कॅसेट स्वतः काढतही असत. नोकरी लागल्यावर माझ्या पगारातले बरेच पैसे तिथे गेले, हे आमच्या सौ.ना आता सांगायला हरकत नाही.

सगळेच गोड होते असे मात्र म्हणणार नाही. एका कापडाच्या दुकानात आबांना पायरीखालीच उभे केलेले आणि विचारलेल्या कापडाऐवजी "खेड्यातलं" कापड दाखवलेले मी पाहिले आहे. किंमत लिहिलेली नसायची, माणूस पाहून सांगितली जायची. आज माझी सून मॉलमध्ये जाते, पाहिजे ते हातात घेऊन बघते, नाही आवडले तर ठेवून देते. तिचे गाव तिला कुणी विचारत नाही. हे सुख आबांना कधी मिळाले नाही.

दुकाने गेली कशाने? लोक मॉल आणि ऑनलाइनचे नाव घेतात, पण कारणे त्याआधीची आहेत. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठली. त्यामुळे तळमजल्यावरचे छोटे दुकान टिकले, पण तेवढ्या भाड्यात वाड्याची डागडुजी कोण करणार? वाडे खचले, मग पाडले, नवी इमारत झाली आणि नव्या गाळ्याची किंमत जुन्या धंद्याला पेलेना. बॉलपेन आले, दौती गेल्या. सर्व शिक्षा अभियानातून आठवीपर्यंतच्या मुलांना क्रमिक पुस्तके मोफत मिळू लागली. हे फार चांगले झाले, शिक्षक म्हणून मी ती आनंदाने वाटली. पण शाळेच्या जुन्या पुस्तकांचा धंदा त्यात आटला.

आणि एक कारण मी स्वतः आहे.

नोकरी लागल्यापासून आमच्या शाळेचे सामान मी काकांकडून आणायचो. हजेरीपट, जनरल रजिस्टर, खडूच्या पेट्या, नकाशे, उत्तरपत्रिकांचे कागद. दर जूनला यादी घेऊन जायचे, काका गठ्ठे बांधून द्यायचे, एसटीच्या टपावर टाकून आणायचे. वीसेक वर्षे हे चालले. नव्वदच्या दशकात हिशेब तपासणीत प्रश्न आला, की तीन दरपत्रके का नाहीत? प्रश्न रास्त होता. आम्ही तीन दरपत्रके मागवली. काकांचे दर थोडे जास्त निघाले. दुसरा पुरवठादार टेम्पोने सामान शाळेच्या दारात पोचवणार होता. खरेदीचे काम माझ्याकडे होते. मी सही केली.

नियमाने ते बरोबरच होते, आजही मी तेच म्हणेन. पण काकांना जाऊन सांगायला हवे होते, ते मी केले नाही. पुढच्या जूनमध्ये कामासाठी चौकात गेलो तेव्हा समोरच्या बाजूने चालत गेलो. काका दारातच उभे होते. त्यांनी मला पाहिले की नाही, कोण जाणे. काही वर्षांनी गेलो तेव्हा वाड्याभोवती पत्रे लागले होते.

पानशेतच्या पुरातून उठलेले ते दुकान. शाळा, कॉलेजे, ग्रंथालये अशा किती ठिकाणी त्या वर्षांत माझ्यासारख्यांनी अशा सह्या केल्या असतील? प्रत्येकाने थोडेच पैसे वाचवले आणि प्रत्येकाकडे कारण होते.

परवा त्या जागी गेलो तर मोबाइलची कव्हरे विकणारे दुकान होते. गल्ल्यावरच्या मुलाने विचारले, "काय पाहिजे, बाबा?" मी म्हणालो, "काही नाही, इथे पूर्वी एक दुकान होतं." तो हसला आणि त्याने स्टूल पुढे केले. "बसा, ऊन खूप आहे." त्याचेही दुकान भाड्याचे. लोक येतात, वस्तू बघतात, फोनमध्ये किंमत पाहतात आणि निघून जातात, असे सांगत होता. मी ऐकत बसलो. मग एक कव्हर घेतले. सांगेल ती किंमत दिली.

असो. काका आता नसणार. तेव्हा जे दुकानात जाऊन सांगायला हवे होते, ते इथे लिहून ठेवतो आहे. काका, शाळेचे सामान मी दुसरीकडून घ्यायला लागलो, आणि तुम्हाला सांगितले नाही. ती चार पुस्तके मात्र मी वेळेवर परत केली होती.

नातीच्या वह्या या जूनला मी यवतच्या दुकानातून आणल्या. फोनवर स्वस्त मिळतात, असे ती म्हणाली. मी तिला हीच गोष्ट सांगितली. तुम्हा सर्वांच्या गावात असे एखादे दुकान असेल. ते उघडे आहे तोवर एकदा जाऊन या.