कुलाब्याची नोंदवही

पदवी घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने काही काळ एखाद्या संशोधन-केंद्रात उमेदवारी करावी, असा परिपाठ आता आपल्या विद्यापीठांतून पडत चालला आहे. तरुण मंडळी हिला 'इंटर्नशिप' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात आमचा एक विद्यार्थी अशाच एका पर्यावरण-केंद्रात दोन महिने काढून परत आला. काय शिकलास, असे आम्ही विचारता तो म्हणाला, "सर, शिकायचं काय त्यात? रोज सकाळी पाऊस मोजायचा, पारा वाचायचा आणि वहीत आकडे लिहायचे." मग जरा घुटमळून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. एका मुसळधार पावसाच्या दिवशी तो केंद्रावर गेलाच नव्हता; दुसऱ्या दिवशी अंदाजाने एक आकडा त्याने वहीत भरून टाकला. कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्या वहीवर अखेरची सही आमची होती आणि ती आम्ही न वाचताच केली होती. तेव्हा त्याच्यावर रागावण्याचा आमचा अधिकार उरलाच नव्हता. आम्ही त्यास मुंबईतील एक जुनी हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुंबईच्या कुलाबा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली वेधशाळा बांधली. ग्रहताऱ्यांचे वेध घ्यावे आणि बंदरात येणाऱ्या जहाजांस अचूक वेळ कळवावी, हा तिचा मूळ हेतू. परंतु त्या काळी युरोपातील शास्त्रज्ञांना निराळ्याच प्रश्नाने पछाडले होते. होकायंत्राची सुई स्थिर का राहत नाही? ती दिवसातून किंचित हलते, आणि कधी कधी जणू वारे भरल्यासारखी थरथरते, ते का? याचा उलगडा व्हावयाचा तर पृथ्वीवर ठिकठिकाणी एकाच वेळी मोजमाप झाले पाहिजे. या कामासाठी कंपनीने सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई येथे सोय केली. आणि 1841 साली कुलाब्यास चुंबकत्वाच्या व हवामानाच्या नोंदी घेण्यास प्रारंभ झाला. देखरेख होती एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांची.

प्राध्यापकाच्या हाती वेधशाळा आली म्हणजे तिची दारे विद्यार्थ्यांस उघडतात, हे ओघानेच आले. अलिबागजवळच्या नागाव येथील केरो लक्ष्मण छत्रे हा मुलगा एल्फिन्स्टनच्या विद्यालयात शिकत होता. गणितातील त्याची गती पाहून, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला कुलाब्याच्या वेधशाळेत साहाय्यक नेमण्यात आले. मुंबई विद्यापीठाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. ते स्थापन झाले 1857 साली. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठाच्याही आधी उमेदवारी आली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. छत्रे तेथे सुमारे दहा वर्षे राहिले आणि 1851 साली अध्यापनासाठी पुण्यास गेले. 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारे आणि पुढे डेक्कन कॉलेजात टिळकांस गणित शिकविणारे केरूनाना ते हेच. पंचांगातील गणित आकाशातील प्रत्यक्षाशी जुळलेच पाहिजे, हा आग्रह त्यांनी जन्मभर धरला. या आग्रहाचे मूळ कुलाब्याच्या त्या दहा वर्षांत आहे, असे आम्हांस वाटते. ज्याने तारुण्याची वर्षे आकडे टिपण्यात घालविली, त्यास ग्रंथातील वचनापेक्षा डोळ्यांना दिसलेले प्रमाण अधिक वाटावे, यात नवल नाही.

हे काम दिसावयास मोठे नीरस. टांगलेला चुंबक अंधाऱ्या खोलीत किंचित हलावयाचा. निरीक्षकाने दुर्बिणीतून मापपट्टीवरील अंक पाहावयाचा आणि वहीत लिहावयाचा. दर तासाला हेच, रात्रीसुद्धा. 1846 पासून या नोंदी अखंड होऊ लागल्या. त्या आकड्यांचा उपयोग काय, असे कोणी त्या निरीक्षकांस विचारले असते, तर त्यांस समर्पक उत्तर देता आले नसते. ते उत्तर त्या वेळी जगात कोणापाशीच नव्हते.

पुढे 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावरील डागांपाशी एकाएकी प्रखर तेज झळकलेले दिसले. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. तारायंत्रे आपोआप खडखडू लागली. ध्रुवाकडे दिसावयाचा अरुणप्रकाश पार क्यूबापर्यंत दिसला. युरोपात काही ठिकाणी यंत्रांची नोंद पट्टीबाहेर गेली. मुंबईत तेव्हा 2 सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या मापपट्टीवरील अंक भराभर बदलू लागले. पूर्वी कधी न दिसलेले अंक दिसू लागले. यंत्र बिघडले, असे समजून निरीक्षकास ते वगळता आले असते. मागच्या दिवसाच्या मानाने एखादा शहाणासुरता आकडा लिहिता आला असता. कोणी विचारणारे नव्हते. परंतु कुलाब्याच्या माणसांनी तसे केले नाही. उलट, तासाची वाट न पाहता त्यांनी काही मिनिटांच्या अंतराने नोंदी घेतल्या आणि दिसले ते लिहिले.

ती वही छापली गेली आणि कपाटात पडून राहिली. 2003 साली त्सुरुतानी, लाखिना, अलेक्स प्रभृती शास्त्रज्ञांनी ती पुन्हा उघडली. पृथ्वीचे आडव्या दिशेतील चुंबकीय बल त्या दिवशी मुंबईस सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी, म्हणजे जवळजवळ पंचविसाव्या हिश्श्याने, घटले होते, असे तीवरून निघाले. 1989 च्या मार्चमध्ये ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज कित्येक तास बंद पाडली, त्याहून हे मोठे होते. असे वादळ पुन्हा आले तर वीजवाहिन्यांचे आणि कृत्रिम उपग्रहांचे काय होईल, याचा हिशेब करणाऱ्या जगातील विद्वानांना आज या जुन्या वहीचा आधार घ्यावा लागतो. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी प्रश्न जन्मास आला. उत्तर मात्र तयार होते, कारण कोणीतरी आकडा खरा लिहिला होता.

नोंदीची ही अखंडता राखणे सोपे नव्हते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहाने चुंबकीय मोजमाप बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख नानाभाई मूस यांनी 1904 साली अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा बिनचूक जुळावा म्हणून 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरच काम चालविले. नागावच्या मुलाने ज्या नोंदींसाठी तारुण्य वेचले, त्या नोंदी त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्याच्याच गावाशेजारी वस्तीस आल्या.

उमेदवारीपासून विद्यार्थ्याने काय घ्यावे, याविषयी आमचे मत एवढेच. दोन महिन्यांत कोणी शोध लावीत नाही. परंतु ज्या कामाचा आरंभ आपल्या आधी झाला आणि शेवट आपल्या मागे होणार, त्यात आपला एक दिवस प्रामाणिकपणे घालणे, हे शिक्षण कोणत्याही व्याख्यानातून मिळत नाही. पावसाचा एक खोटा आकडा आज कोणास बाधत नसेल. पन्नास वर्षांनी त्याच मुसळधार दिवसाविषयी कोणी विचारील, तेव्हा ती वही त्यास फसवील. मोकळी जागा मात्र फसवीत नाही. ती 'ठाऊक नाही' एवढेच सांगते.

हकीकत ऐकून विद्यार्थी काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, तो आकडा खोडून यायला हवा." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्या केंद्रावर गेला. आम्हीही बरोबर गेलो. कारण खाली सही आमची होती.