संगणक वारंवार ‘हँग’ होतो तेव्हा

काम ऐन रंगात आले असताना संगणकाचा पडदा जागच्या जागी थिजतो. माउसचा बाण हलेनासा होतो, कोणतीही कळ दाबली तरी प्रतिसाद मिळत नाही आणि अखेर बटण दाबून यंत्र बंद करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. डेस्कटॉप वापरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी ‘व्हायरस असेल’ असे निदान करून फॉर्मॅट मारणे, हा आपल्याकडील सर्वाधिक प्रचलित उपाय. त्याने विंडोज नव्याने बसते खरी. पण दोष रॅममध्ये किंवा वीजपुरवठ्यात असेल, तर थोड्याच दिवसांत संगणक पुन्हा हँग होतो. या खटाटोपात घरची छायाचित्रे आणि हिशेबाच्या फाइली मात्र कायमच्या जातात.

हँग होणे हा रोग नव्हे, लक्षण आहे. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसेच हे. म्हणून उपचारापूर्वी निदान हवे आणि निदानाचा नियम साधा आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी करावे.

आधी बॅकअप

पहिल्या तक्रारीनंतर लगेच महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हँग होण्यामागे डिस्कच अखेरच्या घटका मोजत असण्याची शक्यता असते. डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल, तर इतर कोणतीही तपासणी न करता केवळ फाइली वाचवण्याच्या मागे लागावे. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवल्यास तिच्यावरील ताण वाढतो आणि उरलेसुरले हातचे जाऊ शकते.

हँगचा प्रकार ओळखा

पडदा थिजताच कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्रणा बहुधा जिवंत आहे. एखादा प्रोग्राम किंवा ग्राफिक्सचा भाग अडकला आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व अडकलेला प्रोग्राम बंद करावा. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने पडदा सजीव झाला, तर संशयाची सुई त्या ड्रायव्हरकडे वळते. दिवाही जागचा हलत नसेल, तर दोष अधिक खोलवर, बहुधा हार्डवेअरमध्ये किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये असतो.

संगणकाची रोजनिशी वाचा

विंडोज आपल्या अडचणींची नोंद ठेवत असते. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये कोणत्या दिवशी काय बिघडले, हे दिनदर्शिकेसारखे दिसते. नवा प्रोग्राम किंवा अपडेट बसवल्यापासून त्रास सुरू झाला का, हे तेथे चटकन कळते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून पुष्कळांना वाटते की वीजपुरवठ्यात दोष सापडला. वस्तुतः तिचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. महत्त्वाच्या असतात त्या तिच्या आधीच्या नोंदी. तेथे ‘डिस्क’ या नावाखाली त्रुटी असतील तर डिस्क किंवा तिची केबल, ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ असेल तर हार्डवेअर आणि ‘डिस्प्ले ४१०१’ असेल तर ग्राफिक्सची बाजू तपासावी.

उष्णता आणि धूळ

संगणक तास-दोन तासांनी, दुपारच्या उन्हात किंवा गेम खेळताना हँग होत असेल, तर प्रथम कॅबिनेट उघडावे. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि त्यातच अनेक घरांत कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले असते. गरम हवा बाहेर पडायला वाटच नसते. संगणक बंद करून वीजजोडणी काढावी, मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ झाडावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. प्रोसेसरवरील पंखा व्यवस्थित फिरतो ना, हे पाहावे. काही वर्षे जुन्या यंत्रात प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधील थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती बदलण्यास फारसा खर्च येत नाही. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. विशेष काम चालू नसतानाही तापमान ७०-८० अंशांवर राहत असेल, तर काहीतरी बिनसले आहे, असे समजावे.

रॅम

कधी टायपिंग करताना, कधी काहीच न करता, असा कोणताही मेळ नसलेला हँग रॅमकडे बोट दाखवतो. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवणे, हा आपल्याकडील दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय अनेकदा गुण देतो. खास करून कोकणासारख्या दमट हवेत. त्यानंतर विंडोजमधील ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ किंवा ‘मेमटेस्ट८६+’ हा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवावा. एकही त्रुटी दिसली तरी रॅम निर्दोष मानू नये. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारे ‘एक्सएमपी’ सुरू असेल, तर चाचणीपुरते बंद करावे.

डिस्क

फाइल उघडताना काही सेकंद सारे थांबते आणि मग पूर्ववत सुरू होते, हे डिस्कच्या दोषाचे नेहमीचे लक्षण. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखा मोफत प्रोग्राम डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती दाखवतो. बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर डिस्क बदलावी. केवळ सीआरसी त्रुटी वाढत असतील, तर बहुधा साटा केबल बदलली तरी भागते.

वीजपुरवठा

आपल्याकडील वीज २३० व्होल्टची असली, तरी तिचा दाब सतत वरखाली होतो. स्वस्त एसएमपीएस हा भार फार काळ सोसत नाही. बायोसमध्ये १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ या मर्यादेबाहेर दिसली, तर एसएमपीएसवर संशय घ्यावा. खात्री मात्र दुसरा एसएमपीएस लावूनच होते. जुन्या मदरबोर्डवरील कपॅसिटर वरून फुगले असतील, तर तेही कारण ठरते. एसएमपीएसचे आवरण स्वतः कदापि उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यात घातक विद्युतभार उरतो. भिंतीतील सॉकेटला अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

ड्रायव्हर आणि बायोस

कधी दोष वापरणाऱ्याच्या यंत्रात नव्हे, तर निर्मात्याच्या रचनेत असतो. एएमडीच्या काही रायझन संगणकांत फर्मवेअरमधील टीपीएममुळे क्षणभर सारे अडखळत असे. ही अडचण कंपनीने २०२२ मध्ये मान्य केली व बायोसच्या सुधारित आवृत्तीद्वारे दूर केली. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीने नवा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हा मायक्रोकोड आधीच झालेली हानी भरून काढत नाही. तेव्हा अशा यंत्राच्या मालकांनी बायोस अद्ययावत करूनही त्रास टिकला, तर प्रोसेसर बदलून मागावा. बायोस बदलताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस आवश्यक.

अंतिम कसोटी

एवढे करूनही कारण सापडले नाही, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून काही तास वापरावे. तेथेही संगणक हँग झाला, तर दोष हार्डवेअरमध्ये आहे आणि फॉर्मॅट मारणे व्यर्थ होय. तेथे तो सुरळीत चालला, तर विंडोज, तिचे ड्रायव्हर किंवा विंडोज ज्या डिस्कवर आहे ती डिस्क यांचा विचार करावा. डिस्क आधीच निर्दोष ठरली असेल, तर ‘सिस्टिम फाइल चेकर’ चालवावा आणि त्यानेही भागले नाही, तर बॅकअपची खात्री करून फॉर्मॅटचा निर्णय घ्यावा. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने नव्याने बसवताना हेही ध्यानात ठेवावे.

हँग केव्हा झाला, त्या वेळी काय चालू होते आणि आपण काय बदलून पाहिले, हे एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे. संगणक दुरुस्तीला द्यावा लागला, तर ही वही सोबत न्यावी. ती वाचल्यावर चांगला कारागीर नेमका भाग तपासेल, आणि सरसकट ‘फॉर्मॅट मारावा लागेल’ असे कोणी म्हणालेच, तर त्याला काय विचारायचे, हे आपल्याला ठाऊक असेल.