अजिंठ्याची खानदेशी वाट

अजिंठ्याचीं लेणीं औरंगाबादचीं, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरचीं, असें सर्वत्र समजलें जातें. आणि जिल्ह्याच्या सीमा पाहिल्या तर तें खरेंहि आहे. परंतु पाणी सरकारी सीमा ओळखीत नाहीं. ज्या वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर हीं तीस लेणीं कोरलेलीं आहेत, ती नदी सप्तकुंडाच्या धबधब्यावरून खालीं उतरते, उत्तरेकडे वळून खानदेशांत शिरते आणि अखेर तापीस मिळते. जळगांव शहराला आज जें पाणी मिळतें, तें याच वाघूर नदीवरील धरणांतलें. नदी जिकडे गेली, तिकडेच माणसांची वाटहि गेली. औरंगाबादेहून लेणीं सुमारें १०० किलोमीटर, तर जळगांवाहून अवघीं ६० किलोमीटर. म्हणून अजिंठ्याच्या प्रवासाचा इतिहास हा बऱ्याच अंशीं खानदेशच्या एका रस्त्याचा इतिहास आहे. आणि तो केवळ सहलींचा इतिहास नाहीं. सुंदर वस्तु पाहावयास माणसें गेलीं कीं त्या वस्तूचें काय होतें, हा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

या संबंधाची मुळें फार जुनीं आहेत. पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे, असें ग्रीक भाषेंतील एका प्राचीन सागरी वर्णनांत नमूद आहे. दख्खनच्या पठारावरून पश्चिम किनाऱ्याकडे व उत्तरेकडे जाणाऱ्या वाटा सह्याद्रीची अजिंठ्याची रांग उतरून तापीच्या खोऱ्यांत येत. व्यापारी तांड्यांच्या वाटेजवळ पण गजबजाटापासून दूर, अशाच जागा बौद्ध भिक्षूंनीं वर्षावासासाठीं निवडल्या. दहाव्या क्रमांकाचें चैत्यगृह ख्रिस्तपूर्व काळांतलें. पण ज्या चित्रांसाठीं अजिंठा विख्यात झाला, तीं बहुतेक सारीं इसवी सनाच्या पांचव्या शतकांतलीं, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचीं. सोळावें लेणें हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें करविलें. शेजारचें सतरावें लेणें हरिषेणाच्या एका मांडलिक राजानें दिलें. हें राजघराणें ऋषीक देशाचें, म्हणजेच आजच्या खानदेशाचें, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचें मत आहे. त्या लेण्यांतील शिलालेख सांगतो कीं धाकट्या भावाच्या मृत्यूनें राजाचें मन संसाराच्या अनित्यतेकडे वळलें आणि त्यानें दानधर्माकडे लक्ष दिलें. विश्वंतर व षड्दंत जातकांचीं जीं चित्रें पाहून आजहि प्रेक्षक स्तब्ध होतो, तीं अशा रीतीनें एका खानदेशी राजाच्या शोकांतून उभीं राहिलीं.

पुढें शतकें लोटलीं. भिक्षु निघून गेले, दऱ्या रानानें भरल्या, लेण्यांत वटवाघळांनीं वस्ती केली. १८१८ सालीं पेशवाईचा अस्त झाला व खानदेश इंग्रजांच्या अमलाखालीं आला. दुसऱ्याच वर्षीं, २८ एप्रिल १८१९ रोजीं, मद्रासच्या घोडदळांतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी शिकारीच्या निमित्तानें या दरींत आला आणि समोरच्या उंचवट्यावरून त्याला रानांतून डोकावणारी एक भव्य कमान दिसली. दहाव्या लेण्यांत त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेवली. इतिहासाच्या पुस्तकांत यालाच अजिंठ्याचा शोध म्हणतात. वस्तुतः दरीच्या माथ्यावरील गांवाचें नांवच लेणापूर. तेथील गुराख्यांना आणि डोंगरांतल्या भिल्लांना लेणीं ठाऊक नव्हतीं, असें म्हणणें धाडसाचें होईल. शोध लागला तो बाहेरच्या जगाला. त्या शोधाची पहिली खूण म्हणजे भिंतीवर ओरखडलेलें एका प्रेक्षकाचें नांव असावें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें जें घडलें त्याची ती नांदी होती.

आरंभीं येणारे प्रवासी थोडे आणि धीट. वाघांची व लुटारूंची भीति त्यांना वाटेवरच्या गांवोगांवीं घातली जाई. १८३९ सालीं वास्तुशास्त्रज्ञ जेम्स फर्ग्युसन येथें आला. लेण्यांच्या दुरवस्थेविषयीं त्यानें जें लिहिलें, त्याचा परिणाम होऊन ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यास चित्रांच्या नकला करण्याच्या कामीं नेमलें. गिलनें आयुष्याचीं उत्तम वर्षें या दरींत घालविलीं. त्याचीं मोठमोठीं तैलचित्रें लंडनजवळच्या सिडनहॅम येथील स्फटिकप्रासादांत मांडण्यांत आलीं आणि १८६६ च्या डिसेंबरांत तेथें लागलेल्या आगींत भस्मसात् झालीं. जीं तेथें टांगलेलीं नव्हतीं तेवढींच वाचलीं. गिलनें खचून न जातां पुन्हा काम हातीं घेतलें. १८७९ सालीं तो वारला, आणि त्याचें थडगें भुसावळ येथें आहे. त्याची सहचरी पारो हिची समाधि मात्र डोंगरापलीकडे अजिंठा गांवांत आहे. ती १८५६ सालींच निवर्तली होती. या दोघांच्या कथेवर ना. धों. महानोर यांनीं ‘अजिंठा’ हें दीर्घकाव्य रचिलें आणि २०१२ सालीं त्यावरून चित्रपटहि निघाला. भुसावळ हें आगगाड्यांचें जंक्शन म्हणून सर्वांना ठाऊक. पण तेथून गाडी बदलणाऱ्या शेंकडों प्रवाशांपैकीं किती जणांना या थडग्याची वार्ता असते?

आगगाडीचा उल्लेख आलाच आहे. १८६० नंतरच्या दशकांत मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगांव, पांचोरा, जळगांव करीत भुसावळास पोंचला आणि अजिंठ्याची वाट एकाएकीं सोपी झाली. औरंगाबादेस आगगाडी आली ती १९०० सालीं, मनमाड-हैदराबाद मार्गानें. तोंपर्यंत लेण्यांना जवळचें स्टेशन खानदेशांतच होतें. जळगांवास उतरावें, बैलगाडी किंवा टांगा करावा, नेरी, पहूर, वाकोद अशीं गांवें मागें टाकीत निजामाच्या हद्दींतील फर्दापूर गांठावें आणि तेथून दरींत शिरावें, असा क्रम रूढ झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पांचोरा ते जामनेर ही अरुंद मापाची गाडी सुरू झाली. ५६ किलोमीटरची ही चिमुकली गाडी पहूरवरून जाई, आणि शंभर वर्षें ती खानदेशाच्या कपाशीच्या शेतांतून डुलत डुलत चालली. मार्च १९२० मध्यें ती तारुण्यांत होती. मार्च २०२० मध्यें साथीच्या टाळेबंदींत ती थांबली, आणि पुढें रुंद मार्गाचें काम हातीं घेण्यांत आलें.

या वाटेनें केवळ गोरे साहेबच गेले असें नव्हे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं अजिंठ्याचे शिलालेख उतरवून घेतले व १८६३ च्या सुमारास त्यांचें वाचन प्रसिद्ध केलें. याच भाऊ दाजींनीं चाळीसगांवाजवळच्या पाटणें येथील शिलालेख उजेडांत आणला. शके ११२८ च्या त्या लेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें व निकुंभ राजांनीं त्यास दान दिल्याचें नमूद आहे. मुंबईच्या एका वैद्यानें रुग्णांच्या गर्दींतून सवड काढून खानदेशच्या डोंगरांत अक्षरें शोधीत हिंडावें, ही प्रवासाची एक निराळीच जात होय. तिच्यांत पाहणाऱ्यानें स्थळापासून कांहीं घेतलें नाहीं. उलट त्याचें विसरलेलें नांव त्याला परत दिलें.

सर्वच चाहत्यांविषयीं असें म्हणतां येत नाहीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत आपल्या विद्यार्थ्यांसह चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्याहि पुष्कळ १८८५ सालीं लंडनच्या दक्षिण केन्सिंग्टन संग्रहालयांतील आगींत जळाल्या. उरलेल्यांच्या आधारें ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ सालीं निघाला. परंतु नकला करतांना रंग उठून दिसावे म्हणून मूळ चित्रांवर रोगण चढविलें गेलें आणि तें काळांतरानें पिवळें-काळें पडलें. त्याआधींच्या काळांत तर पाहुण्यांना भेट म्हणून भिंतीवरचीं रंगीत मस्तकें खरवडून देण्यांत आलीं. अजिंठ्याच्या भिंतीचा एक तुकडा आज अमेरिकेंतील बोस्टनच्या संग्रहालयांत आहे. १९०९ ते १९११ च्या दोन हिंवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनीं फर्दापुरास तळ दिला. नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदि तरुण बंगाली चित्रकार त्यांच्या सोबत होते, आणि भारतीय कलेच्या नव्या वळणावर त्या मुक्कामाची छाप राहिली. १९२० नंतर निजाम सरकारनें इटलीहून दोन तज्ज्ञ आणून सुटूं लागलेला गिलावा पक्का करविला. त्यांनीं अनेक चित्रें पडण्यापासून वांचविलीं हें खरें. पण त्यांनीं वापरलेल्या लाखेच्या थरानेंहि पुढें रंगांचें तेज मंदावलें. अजिंठ्याचें नुकसान शत्रूंनीं फारसें केलें नाहीं. जें झालें तें बहुतेक वेळीं आणि प्रेमीजनांच्या हातून झालें.

या चित्रांचा पिंडच नाजूक आहे. ओबडधोबड खडकावर माती, शेण, भाताचें तूस यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग डिंकासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी हे जवळपासचे; निळा तेवढा अफगाणिस्तानांतून आलेल्या राजावर्त मण्याचा. अशा भिंतीला दमट हवा सोसत नाहीं. आणि दाटीवाटीनें उभ्या राहिलेल्या माणसांचा श्वास म्हणजे दमट हवाच होय.

यासंबंधीं स्पेन देशांतील एक उदाहरण बोधप्रद आहे. त्या देशाच्या उत्तर भागांत आल्तामिरा नांवाची गुहा आहे. १८७९ सालीं मार्सेलिनो सान्स दे साऊतुओला हा गृहस्थ तेथें जमीन उकरीत असतां त्याच्या लहान मुलीनें वर पाहिलें, आणि छतावर रानरेड्यांचीं रंगीत चित्रें दिसलीं. इतकीं सुंदर चित्रें अश्मयुगांतल्या माणसाचीं असणें शक्य नाहीं, असें म्हणून पंडितांनीं त्याला खोटें ठरविलें. तो १८८८ सालीं वारला. फ्रान्सचे विद्वान कार्तेयाक यांनीं आपली चूक जाहीरपणें कबूल केली ती १९०२ सालीं. मग लोकांची रीघ लागली. १९७३ या एका वर्षांत दीड लाखांहून अधिक माणसें त्या लहानशा गुहेंत जाऊन आलीं. हजारों वर्षें बंद राहून टिकलेले रंग फिके होऊं लागले. १९७७ सालीं गुहा बंद केली गेली. १९८२ पासून मोजक्या माणसांना प्रवेश मिळूं लागला. २००२ सालीं ती पुन्हा बंद झाली. २००१ सालीं जवळच तिची हुबेहूब प्रतिकृति उभारण्यांत आली, आणि आज तेथें जाणारे बहुसंख्य प्रवासी तीच पाहून परततात.

अजिंठ्यानेंहि हाच मार्ग धरावा काय? प्रश्न सोपा नाहीं. दोन्ही स्थळें जागतिक वारसा म्हणून मान्य झालीं, अजिंठा १९८३ सालीं व आल्तामिरा १९८५ सालीं. परंतु अजिंठ्याची दरी ही केवळ विद्वानांची व परदेशी पाहुण्यांची नव्हे. जामनेर-पांचोऱ्याच्या शाळेंतलें मूल एस्. टी.नें सहलीला येतें, बुद्धाच्या पायाशीं हात जोडून उभे राहणारे उपासक येतात. दारें लावलीं तर पहिला तोटा यांचा. दारें सताड ठेवलीं तर या मुलांच्या मुलांना पाहावयास काय उरेल, हा दुसरा तोटा. आज त्यावर मध्यम मार्ग काढलेला आहे. खासगी वाहनें फर्दापूरच्या फाट्यावर, लेण्यांपासून सुमारें चार किलोमीटर अलीकडे थांबवितात. चित्रांच्या लेण्यांत एका वेळीं ठराविक माणसेंच सोडतात. झगमगीत प्रकाशाला मनाई आहे. सोमवारीं लेणीं बंद असतात. हे नियम प्रवाशाला जाचक वाटतात. पण मागील दोनशे वर्षांचा हिशेब ज्याच्यासमोर आहे, त्याला ते सौम्यच वाटतील.

दुसरा उपाय खानदेशाच्याच हातीं आहे. घाईनें आलेला प्रवासी तासाभरांत पांच लेणीं धुंडाळतो आणि निघून जातो. त्याची पावलें याच मुलखांत आणखी दोन दिवस रेंगाळलीं, तर दरीवरचा भार हलका होईल आणि त्याच्या पदरांतहि अधिक पडेल. चाळीसगांवच्या दक्षिणेस गौताळ्याच्या रानांत पितळखोऱ्याचीं लेणीं आहेत, पाटणादेवीचा परिसर आहे. एरंडोलजवळ पद्मालयाचें गणेशस्थान आहे. धुळें येथें इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ सालीं त्यांच्या नांवानें स्थापन झालेलें संशोधन मंडळ आहे, आणि १९३५ सालीं शंकर श्रीकृष्ण देव यांनीं उभारलेलें समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जुनीं हस्तलिखितें जपणें म्हणजे काय, तें या दोन वास्तूंत समजतें. कागद जपणारे हात पाहिलेला मनुष्य भिंतीवरच्या रंगाला बोट लावणार नाहीं.

जळगांव व धुळें येथील कुटुंबांना अजिंठा घरचाच वाटतो; म्हणून तर पाहुणा आला कीं त्याला तिकडे नेण्याची रीत आहे. नेतांना आदल्या रात्रीं मुलांना एखादी जातककथा सांगितली, तर भिंतीवरचा हत्ती कां रडतो आहे आणि राजपुत्र आपलीं लेकरें कां देऊन टाकतो आहे, तें त्यांना अंधुक उजेडांतहि कळेल. ज्याला चित्र कळलें तो थोडा वेळ, थोडें अंतर राखून, शांतपणें पाहतो. स्मिथनें आपलें नांव भिंतीवर ठेवलें. भाऊ दाजींनीं भिंतीवरचें नांव जगाला वाचून दाखविलें. या दोन प्रवाशांपैकीं कोणाच्या वाटेनें जावयाचें, एवढेंच आजच्या प्रवाशाला ठरवावयाचें आहे.