हुतूतूची शाळा

उरलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांच्या वह्यांना कव्हरं घालून झालेली असतात, तेव्हा कुठे भंडारा जिल्ह्यातल्या शाळा उघडतात. विदर्भाचं ऊन लांबतं, म्हणून इथलं सत्र जूनच्या अखेरीस सुरू होतं. प्रवेशोत्सवाचे हार-फुलं, नवी पुस्तकं, खिचडी हे सगळं पार पडलं की पीटीचे सर टेप आणि चुन्याची पाटी घेऊन मैदानात उतरतात. आधी मध्यरेषा, मग दोन्ही बाजूंना निदान रेषा, तिच्यामागे बोनस रेषा, कडेला राखीव पट्टे. पोरं भोवती उभी राहून बघतात. रात्री पाऊस आला की सकाळी पुन्हा हेच काम.

या रेषांचं वय शंभर वर्षांच्या आसपास आहे. कबड्डीचा खेळ त्याहून बराच जुना. पण त्याला ना ठरलेलं मैदान होतं, ना खेळाडूंची संख्या, ना वेळ. गावाबाहेरच्या पडीत जागेवर जितकी पोरं जमली तितक्यांचे दोन गट, आणि अंधार पडला की खेळ संपला. आमच्याकडे हुतूतू, बंगालात हाडुडू, तमिळनाडूत चेडुगुडू. प्रत्येक गावाचे नियम वेगळे, त्यामुळे पाहुण्या गावाशी सामना ठरला की अर्धा वेळ भांडणातच जायचा.

त्यातही तीन तऱ्हा होत्या. ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. ‘गामिनी’मध्ये बाद झालेल्याने अख्खा संघ बाद होईस्तोवर बसून राहायचं. ‘संजीवनी’मध्ये समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होऊन परत यायचा. आजची कबड्डी सगळ्यात जवळची आहे ती संजीवनीला. माझ्या मते शाळेला झेपण्यासारखी तऱ्हाही हीच होती. गामिनीत पहिल्याच चढाईला पकडला गेलेला पोरगा सगळा तास कुंपणाशी बसून माती उकरत राहिला असता.

हे नियम कागदावर आणण्याचं काम मराठी माणसांनी, तालमी-जिमखान्यांच्या दिवसांत केलं. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने 1923 मध्ये नियम छापले आणि स्पर्धा भरवली. विदर्भाचा वाटाही मोठा: 1914 साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळ करून दाखवले, त्यात कबड्डी होती. 1938 ला कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धांत ती आली, 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, आणि 1962 मध्ये शालेय क्रीडा महासंघाने तिला आपल्या खेळांत घेतलं. शाळेच्या हजेरीपटावर हुतूतूचं नाव चढलं ते असं. ज्यांनी या खेळासाठी आयुष्य वेचलं त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवींची जयंती, 15 जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरी होते; शाळा तेव्हा नुकत्याच रुळलेल्या असतात.

इंग्लंडात रग्बीचं नेमकं उलटं झालं. त्या खेळाचे नियम आधी शाळेतच लिहिले गेले: 1845 साली, रग्बी गावच्या शाळेत, खुद्द विद्यार्थ्यांनी. पुढे उत्तरेकडच्या गिरण्या-खाणींतले कामगार तो खेळू लागले. सामन्यासाठी बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही यावरून तंटा पेटला, आणि 1895 मध्ये हडर्सफील्डला उत्तरेचे क्लब वेगळे झाले. त्यातूनच तेरा गड्यांची रग्बी लीग घडली. रग्बी शाळेतून मजुरांकडे गेली. आपला खेळ शेतकऱ्या-मजुरांच्या पोरांकडून शाळेत आला. धावत्या गड्याला कमरेत मिठी घालून लोळवणं मात्र दोन्हीकडे सारखंच.

भंडाऱ्यात मजुरीचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. शाळा उघडते तेव्हा बांध्यांत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, वाढत असतात आणि जुलैत रोवणी लागते. घरच्या माणसांसोबत मोठी मुलंमुलीही चिखलात उतरतात. संघातला सगळ्यात चपळ कोपरारक्षक नेमका त्याच आठवड्यात गैरहजर. सर चिडतात, पण फार नाही, कारण त्यांच्याही घरी धानच असतं. मुलींचा सराव त्यांना शाळेत ने-आण करणाऱ्या मानव विकासच्या निळ्या बसच्या वेळेला बांधलेला. रोवणी आटोपेस्तोवर तालुका स्पर्धेचे दिवस येतात: वयाचे दाखले, वजनकाट्यावरची रांग, काट्यापायी सकाळपासून उपाशी राहिलेला एखादा पोरगा. तालुका जिंकला तर जिल्हा, मग नागपूर विभाग, मग राज्य. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांमुळे हल्ली आईबापही चौकशी करतात.

एका बाबतीत जुने खेळाडू अजून नाराज आहेत. पूर्वी चढाई किती वेळ चालायची ते छातीतला दम ठरवायचा. आता तीस सेकंद. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणणं नियमात आहेच, पण पंचाचं लक्ष घड्याळाकडे जास्त. हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत रात्रीचे सामने भरतात. तिथे दोरीच्या बाहेर बसलेले म्हातारे चढाईवाल्याचे ओठ बघत असतात, आणि जप तुटला की पंचाच्या आधी ओरडतात.